दोनशे डॉलरचं पिस्तूल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बायकोच्या भावाने २००६ साली भरलेला अर्ज एकदाचा मार्गी लागला, तुम्ही चौघं गोव्यातल्या डिचोलीहून इथे अमेरिकेत ओहायोला येणार, मेव्हण्याच्या गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंपावर) रात्रपाळी तुझ्याकडे. आणि मेव्हणा म्हणतो, दोनशे डॉलरला पिस्तूल मिळतं, आल्या आल्या एक घेऊन ठेव. “ताई, स्वस्तातलं घेऊ की थांबून चांगलं घेऊ?”

बाबू, मी बंदुकीच्या घरातली. केरीला बाबांकडे ठासणीची होती, पीक राखायच्या परवान्यावरची. भातात डुकरं शिरली की रात्री एक बार काढायचे, बस. दसऱ्याला तिला हळदकुंकू. निवडणूक जाहीर झाली की बंदूक वाळपई ठाण्यात जमा आणि पावती देवाच्या फोटोमागे. निकाल लागेपर्यंत त्या पावतीला कुणी हात लावायचा नाही. ती शिस्त अंगात घेऊन मी इथे आले आणि पहिल्यांदा बंदुकीच्या दुकानात गेले तेव्हा म्हापशाच्या बाजारात घड्याळं मांडतात तशी काचेखाली पिस्तुलं मांडलेली, प्रत्येकाला भावाची चिठ्ठी. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीसचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ साली निघालं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, आणि ते घ्यायला आधी परवाना. नऊ एमएम गोळीचं पिस्तूल तर सामान्य माणसाला तिथे मिळतच नाही. इथे तेच नऊ एमएम मोबाइलपेक्षा स्वस्त. डोकं फिरतं माणसाचं. तुझं फिरलंय ते मला कळतं.

किमतीच्या आधी कायद्याचं. तू ग्रीन कार्डावर येतोयस म्हणून तुला घेता तरी येईल. तुझा तो पणजीचा मित्र एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, येणार म्हणालास, त्याला सांग, त्या व्हिसावर पिस्तूल बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असल्यास सूट आहे, पण त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये. मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, गंमत म्हणून चार गोळ्या झाडणंसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. तुला मात्र परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण, ओहायोचा पत्ता असलेलं ओळखपत्र आणि ग्रीन कार्ड लागेल. फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्राचा अर्ज, भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तपासणी करतो, बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. त्या फॉर्ममध्ये गांजाबद्दलही प्रश्न आहे. ओहायोने २०२३ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला, पण फॉर्म केंद्राचा, तिथे राज्याचा कायदा चालत नाही. (गोव्याहून आलो म्हटलं की इथले लोक हसून डोळा मारतात. तू हसू नकोस.) आणि मेव्हण्याने “मी माझ्या नावावर घेतो, वापर तू” म्हटलं तर सरळ नाही म्हण. दुसऱ्यासाठी नाव लावून घेण्याला २०२२ च्या कायद्यानंतर १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात तुरुंगाबरोबर देशाबाहेर काढलं जाण्याचीही भीती असते. वीस वर्षं वाट बघून मिळालेलं कार्ड दोनशे डॉलरपायी घालवू नकोस.

आता स्वस्ताचं. इथे ‘स्वस्त पिस्तूल’ म्हणताना लोक दोन निराळ्या वस्तू एकाच पिशवीत घालतात, आणि तुझ्या मेव्हण्यानेही तेच केलंय.

पहिली वस्तू जुनी. १९६० च्या दशकात युरोपातून चिल्लर भावाची रिव्हॉल्व्हरं यायची, त्यांना ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ म्हणत. १९६८ च्या कायद्याने असल्या लहान, हलक्या पिस्तुलांची आयात अडवली. पण सुटे भाग आणून इथे जोडायला किंवा इथेच बनवायला बंदी नव्हती. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या ते जर्मन रोहम कंपनीचं, मायामीत जोडलेलं होतं. आयात अडल्यावर लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन, जेनिंग्ज, ब्रायको, लॉर्सिन असे कारखाने उगवले. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम, साधी रचना. यातल्या पुष्कळ पिस्तुलांत पडल्यावर बार उडू नये म्हणून गोळीवर आदळणाऱ्या पिनेला अडवणारा अडसर नसायचा. ब्रायकोचं उदाहरण सांगते, कारण तुझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात घरातल्या ओळखीच्या माणसाने पिस्तूल रिकामं करायला घेतलं. त्याची रचना अशी की चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसते ती जागा, रिकामं करायचं तर आधी सेफ्टी काढावी लागायची. बार उडाला आणि सात वर्षांच्या मुलाला लागला. तो मानेखाली लुळा पडला. २००३ मध्ये ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरलं आणि कंपनीचं दिवाळं निघालं. कंपन्या गेल्या, पिस्तुलं राहिली. जुन्या मालाच्या दुकानांत, कुणाच्या तरी मरून गेलेल्या काकाच्या कपाटात ती अजून आहेत. शंभर डॉलरला कुणी दाखवलं तर हात लावू नकोस.

दुसरी वस्तू आजची. ओहायोच्याच मॅन्सफिल्डची हाय-पॉइंट, ब्राझीलची टॉरस, तुर्कस्तानची कॅनिक, रुगर आणि स्मिथ अँड वेसनची खालच्या किमतीची मॉडेलं. यांना वरच्या मालाच्या पंगतीत नको बसवूस, पण पहिल्या गटात टाकणंही अन्याय.

हाय-पॉइंटला इथे सगळे हसतात. दिसायला कुरूप, पहिलीतल्या पोराने पट्टीने काढल्यासारखं. पण ते जाड का, हे समजून घे. महागड्या नऊ एमएममध्ये बार उडाला की नळी आणि वरची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड, क्षणभर एकमेकांत अडकून राहतात, दाब उतरला की सुटतात. ती जुळणी बारीक घडाईची, म्हणून खर्चिक. हाय-पॉइंटमध्ये ती भानगडच नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच दाब पेलायचा. म्हणून जस्ताची ओतीव स्लाइड भलीमोठी. पिस्तूल रिकामं असतानाच आठशे ग्रॅमच्या वर, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, गोळ्या आठ. ग्लॉक १९ हे वरच्या मालातलं पिस्तूल रिकामं सहाशेच्या आसपास, गोळ्या पंधरा. साफसफाईला स्लाइड उतरवायची तर हाय-पॉइंटची पिन ठोकून काढावी लागते, ग्लॉक हातानेच सुटतं. त्या जोरकस स्प्रिंगमुळे स्लाइड ओढताना माझं मनगट भरून येतं. तुझ्या बायकोला ती ओढता येते का ते दुकानातच बघ, कारण घरात वेळ आली तर हातात कुणाच्या असेल ते तू ठरवणार नाहीस. एक गोष्ट मात्र मानते: त्यांची हमी आयुष्यभराची, आणि पिस्तूल तू कितव्या हाताने घेतलंस ते विचारत नाहीत.

टॉरसची जी-थ्री-सी वगैरे मॉडेलं दोनशे-तीनशेच्या मधे येतात, हातात छान बसतात, बारा गोळ्या मावतात. पण याच कंपनीच्या नऊ जुन्या मॉडेलांवर, पडल्यावर बार उडतो अशी तक्रार होऊन खटला झाला होता. २०१५ मध्ये तडजोड झाली, दहा लाखांच्या घरातली पिस्तुलं त्यात होती. म्हणून टॉरस घेतलंस तर नवीनच घे. तसं म्हणशील तर महागातलं सिग पी-३२० सुद्धा पडल्यावर उडतं म्हणून २०१७ मध्ये कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. किंमत भरली म्हणून झोप लागते असं नाही.

आमचं स्वतःचं सांगते. २०११ साली नवऱ्याने एक जुनं, खिशात मावणारं थ्री-एटी गोळीचं पिस्तूल घेतलं, एकशे वीस डॉलरला. कंपनीचं नाव नको. पहिल्यांदा रेंजवर गेलो. दोन गोळ्या गेल्या, तिसरी नाक वर करून स्लाइडमध्ये तिरकी अडकली, दरवाजात सापडलेल्या पालीसारखी. काढली, पुन्हा भरलं, पुन्हा चौथीला तेच. मी घेतलं तर स्लाइडने मागे येताना अंगठ्याजवळची कातडी सोलून काढली. रेंजवाल्या म्हाताऱ्याने मॅगझिन उजेडात धरून दाखवलं, वरचे ओठ किंचित वाकलेले. नवीन मॅगझिन पस्तीस डॉलरचं. ते आणलं तर गोल नाकाच्या सरावाच्या गोळ्या चालायला लागल्या, पण संरक्षणाच्या पोकळ नाकाच्या काही चालेनात. म्हणजे कागदाला भोकं पाडायला ठीक आणि ज्या कामासाठी घेतलं त्याला निकामी. शेवटी चाळीस डॉलरला दुकानदाराच्या गळ्यात मारलं. थ्री-एटीची गोळी नऊ एमएमपेक्षा लहान, तरी महाग, हेही तेव्हाच कळलं.

खर्चाचा खरा हिशेब गोळ्यांचा असतो. नऊ एमएमच्या सरावाच्या पन्नास गोळ्या साधारण बारा ते पंधरा डॉलर. संरक्षणाच्या वीसच गोळ्यांना वीसच्या वर. पिस्तूल भरवशाचं आहे असं म्हणायला निदान दोनशे गोळ्या त्यातून सुखरूप जायला हव्यात, आणि त्यात जी भरून ठेवणार त्या जातीच्या काही असायलाच हव्यात. त्यावर रेंजचं भाडं, कानाचे-डोळ्यांचे सामान आणि लोखंडी पेटी. दुकानदार पिस्तुलाबरोबर एक कुलूप देतो, कायद्याने द्यावंच लागतं, पण ते तारेचं कुलूप पोरगं यूट्यूब बघून काढेल. सगळं धरून दोनशेचं पिस्तूल पहिल्या वर्षात पाचशेला पडतं. पाचशेच्या पिस्तुलालाही वरचा खर्च तेवढाच. म्हणून फरक दुप्पट-तिप्पट वाटतो तेवढा नाही.

माझ्या मनातलं विचारशील तर तिसराच रस्ता आहे. इथली पोलीस खाती पॉइंट चाळीसची पिस्तुलं सोडून नऊ एमएमकडे गेली, आणि त्यांची वापरलेली ग्लॉक आणि स्मिथ अँड वेसन तीनशेच्या आसपास विकायला येतात. पट्ट्यात घासून रंग गेलेला असतो, पण गोळ्या त्यातून बेताच्याच गेलेल्या असतात. धक्का जरा जास्त, गोळी महाग. तरी नवीन स्वस्तापेक्षा मी हे घेईन. विकायला काढलं तरी पैसे परत येतात, हाय-पॉइंटला दुसऱ्या दिवशी निम्मे.

पण हे झालं घराचं. रात्रपाळीचं वेगळं. नऊ वर्षं मी काउंटरला उभी राहिले, दोनदा लुटले गेले. दोन्ही वेळा गल्ला उघडून दिला. एकदा साठ डॉलर, एकदा चाळीस आणि सिगारेटचं एक खोकं. काउंटरखाली पिस्तूल असतं तर हात तिकडे गेला असता, आणि समोरच्याचं आधीच बाहेर होतं. मेव्हण्याला सांग, गल्ल्यात पन्नास डॉलरच्या वर ठेवायचे नाहीत, बाकी फटीतून खाली तिजोरीत, जिची किल्ली तुझ्याकडे नाही, आणि तसं दारावर लिहून लाव. तो उजेडाचा दिवा दुरुस्त करू दे, जो गॅस स्टेशनच्या फोटोंत बंदच दिसतोय. मोठ्या कंपनीच्या साखळीतलं दुकान असेल तर कामगाराने पिस्तूल ठेवणं बहुतेकदा चालतच नाही, तेही विचारून घे. ओहायोत २०२२ च्या जूनपासून पिस्तूल अंगावर लपवून बाळगायला परवाना लागत नाही. मेव्हणा हे तुला अभिमानाने सांगेलच. तरी परवान्याचा आठ तासांचा वर्ग कर, निदान दोन तास रेंजवर हातात देऊन शिकवतात. पहिले सहा महिने काही घेऊ नकोस. वर्ग कर, भाड्याचं पिस्तूल रेंजवर वापर, चार प्रकार हाताळ, मग मला फोन कर.

एक राहिलं. चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी येशील तेव्हा रेंजवर नेलेली बॅग आणि कपडे प्रवासात घ्यायचे नाहीत. झाडलेल्या गोळीचं पितळी टोपण गरमागरम बाहेर फेकलं जातं आणि कुठेही जाऊन पडतं. नवऱ्याच्या जॅकेटच्या टोपीत असंच एक रिकामं टोपण वर्षभर पडून होतं. परतीच्या प्रवासात आपल्याकडच्या विमानतळावर यंत्रात दिसलं. रिकामं होतं, तरी दोन तास खुर्चीवर, तीन जणांनी तेच तेच विचारलं, सासूबाई बाहेर रडतायत, आणि आमच्या बॅगेत नारळ, सोलां (आमसुलं) आणि गणपतीवर टांगतात त्या माटोळीची उरलेली सुपारी. गोव्याचा मोपा विमानतळ असो की दाबोळी, जिवंत गोळी सापडली तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंद होतो. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री मी सगळी जॅकेटं उलटी करून बाथटबमध्ये झटकते. पितळ पडलं की खण्ण वाजतं.