माई, हलवा आणि तुझा प्रश्न

प्रिय अनू,

रविवारी तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते, परातीतला हलवा हलवत. नेहाच्या बाळाचं बोरन्हाण आहे, त्याचे दागिने करायला घेतलेत, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, "आई, ऑनलाइन तयार मिळतात की." तेवढ्यावर मी काही बोलले नसते. पण मग तू विचारलंस, "माईआजीला हे खरंच आवडायचं, की तिला दुसरं काही करूच दिलं नाही म्हणून ती हे करत बसायची?" आणि तुझी बस आली.

तू सहज विचारलंस, मला ठाऊक आहे. मला मात्र ते लागलं. फोनवर उत्तर दिलं असतं तर मी माईची बाजू घेऊन भांडले असते, म्हणून लिहितेय.

तुला माई आठवते ती शेवटची, पलंगावर बसून वाती वळणारी. मला आठवते ती दांडिया बाजारातल्या घरातली, पौषातल्या थंडीत शेगडीपुढे पाट टाकून बसलेली. बडोद्याला जानेवारीत रस्ताभर मांजा रंगवायला टांगलेला असायचा, गुलाबी, हिरवा. उत्तरायणाला सगळं गाव गच्चीवर. वरून "काइपो छे" ओरडणं ऐकू यायचं, बंडूमामा फिरकी घेऊन पळायचा, समोरच्या बा उंधियुचं पातेलं पाठवायच्या. आम्ही गल्लीत गुजराती, घरात मराठी. पतंगाची मजा त्यांच्याइतकीच आमची. पण संक्रांतीचं हळदीकुंकू, तिळगूळ आणि हा हलवा, एवढं मात्र माईने कधी सोडलं नाही.

हलवा करताना तू मला दोन मिनिटं पाहिलंस, त्यातून काही कळायचं नाही. पाकात थोडं दूध घालून मळी काढायची, पाक गाळायचा. शेगडीत निखारे, त्यावर राख, म्हणजे आच अगदी मंद. वर पितळी परात, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि तो वाळेपर्यंत दाणे बोटांनी हलवत राहायचे. वाळला की पुन्हा चमचाभर. पाक जास्त पडला तर दाण्यांचा गोळा होतो, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो, हवा दमट असली तर काटा धरत नाही. पहिल्या दिवशी परातीत नुसते मळकट तीळ दिसतात. सगळं फुकट गेलं असंच वाटतं. मग एका सकाळी दाणा चिमटीत धरावा तर बोटाला बारीक टोचतो. काटा आलेला असतो! माई तो पहिला दाणा माझ्या तळहातावर ठेवायची. तेव्हा तिचा चेहरा जसा व्हायचा ना अनू, तसा तो घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामात झालेला मी पाहिला नाही. स्वयंपाक, धुणं, पाहुण्यांचं करणं, कशातच नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे पुरावा म्हणून एवढाच आहे.

आणि एक वर्ष आठवतं. बाबांची गिरणी बंद पडली होती. बंडू वर्षाचा होत आला होता, त्याचं पहिलं बोरन्हाण यायचं होतं. साखर रेशनवर मिळायची, मोजून. माईने दिवाळी झाल्यापासून आमचा चहा गुळाचा केला आणि रेशनची साखर डब्यात बाजूला ठेवायला लागली. माझे आजोबा चिडले. म्हणाले, घरात काय चाललंय आणि तुला दागिने सुचतात? माई उत्तर देत नसे. संक्रांतीला बंडूच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात बासरी, अंगात काळं झबलं. पुठ्ठा बाबांनी कापून दिला होता, जुन्या लग्नपत्रिकांचा. वाड्यातली सगळी पोरं गोळा झाली, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओतले, आणि एकच झुंबड उडाली. बाबा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मी त्यांच्याकडेच बघत होते. पैशांची अडचण दुसऱ्या दिवशी होती तिथेच होती. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या घरात एक तरी गोष्ट अशी होती की जी पुढच्या महिन्यात होणारच होती, आणि ती माईच्या हातात होती.

आता तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही.

माई मॅट्रिक झाली होती. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. त्यामुळे आमच्याकडे शाळेत गेलेल्या बायकांचं कुणाला नवल नव्हतं. माईची चित्रकला उत्तम होती. आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर विद्यापीठाचं फाइन आर्ट्स होतं, १९५० साली सुरू झालेलं, देशभरातून मुलं तिथे शिकायला यायची. माई मॅट्रिक झाली त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. एकदा हलवा करताना मी तिला सरळ विचारलं, तुला तिथे जायचं होतं का गं? ती म्हणाली, "बोलू नकोस, हात थांबतो." मी पुन्हा विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही.

म्हणजे तू म्हणतेस त्यात तथ्य असेल. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली बायकांसाठी स्त्री उद्योगालय काढलं. बाईच्या हातच्या कामाला मोल आहे आणि ते तिच्या हातात पडलं पाहिजे, हे बडोद्यात इतक्या आधी कुणाला तरी कळलं होतं. आमच्या सासरच्या-माहेरच्या कुणाला ते माईच्या बाबतीत सुचलं नाही. सुधामावशीच्या लग्नात रुखवत मांडलं होतं, मण्यांचं तोरण, लोकरीचे रुमाल, सुपारीचे भटजी-नवरदेव, सगळं माईने केलेलं. लोक बघून "किती छान" म्हणाले आणि जेवायला गेले. माझ्या मनात हे दोन्ही आहे, तो हलव्याचा दाणा आणि ते रुखवत. कुठलं जास्त खरं ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवायलाच हवं असंही वाटत नाही.

मी का करते ते मात्र सांगू शकते. मला कुणी बसवलेलं नाही. नोकरी आहे, पैसे आहेत, दागिने मागवता येतात. पण नेहाचं बाळ दोन महिने आधी झालं, किती दिवस काचेच्या पेटीत होतं, तुला माहीत आहे. तेव्हा मला दवाखान्यात जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन मी माझ्या जुन्या मऊ साड्यांचं दुपटं शिवायला घेतलं. बाळ घरी येणार आहे आणि त्याला थंडीत दुपटं लागणार आहे, एवढं धरून टाके घालत राहिले. आता ते बाळ मान धरतंय, पालथं पडतंय, तर त्याच्या गळ्यात मी विकतचा हार घालू? नाही जमणार मला. (आणि इथे कॅल्गरीत हवा इतकी कोरडी की काटा बडोद्याहून लवकर येतो. माईला फोनवर सांगितलं होतं तर तिला खोटंच वाटलं होतं.)

तू हे शिकावंस म्हणून लिहीत नाहीये. तुझ्या मागे परीक्षा आहेत, आणि हात दुसऱ्या कशात रमत असतील तर तेही मला चालेल. तू लहानपणी मला कागदाचे पक्षी करून द्यायचीस, ते मी ठेवलेत. बोरन्हाणाला येता आलं तर ये, हार ओवायला चार हात लागतात. नाही जमलं तर नेहाला फोन तरी कर.

आणि एक. सुधामावशीला हाच प्रश्न विचार. तिने बँकेत नोकरी लागल्यापासून सुईदोऱ्याला हात लावलेला नाही, आणि माईबद्दल ती तुला माझ्याहून वेगळं सांगेल. आम्हा दोघींचं यावर कधी पटलेलं नाही. तिच्याकडच्या सकाळी कर, दुपारी ती झोपते.

तुझी,
आई