लॉक नसलेले जुन्या पद्धतीचे घडीचे चाकू लोक का जमवतात? पहिला कोणता घ्यावा?

प्रश्न ठीक आहे, पण त्याच्या खाली तुम्ही जे जोडलं की "लॉकवाले मॉडर्न चाकू मिळत असताना हे बोटं कापणारे चाकू कोण ठेवते", त्याच्यासाठी लिहायला बसलो. हे वाक्य मी घरात दर दिवाळीला ऐकतो आणि ते चूक आहे.

आमचं गाव वरुड तालुक्यात. संत्र्याची कलमं हा घरचा धंदा. जंबेरीचे (जंगली लिंबाचे) खुंट वाढवायचे, थंडीत त्याच्यावर संत्र्याचे डोळे, म्हणजे सालीसकट कळ्या, बांधायचे, पावसाळ्यात कलमं विकायची. बाबा आताही स्वतः बसतात डोळे बांधायला. त्यांचा चाकू म्हणजे एक पातं, पाठीला एक पोलादी स्प्रिंग, मागच्या टोकाला साल उचलायची हाडाची पट्टी, बस. खटका नाही, लॉक नाही. पातं उघडं धरते ती स्प्रिंगच आणि बंद धरते तीही स्प्रिंगच, यालाच स्लिपजॉइंट म्हणतात.

बहिणीच्या लग्नानंतरच्या थंडीत जावई आले होते. पुण्याला नोकरी, बाहेरच्या वस्तूंचा शौक, माणूस वाईट नाही. बाबा नर्सरीत उकिडवे बसून काम करत होते, यांनी खिशातून काळा, एका हातानं उघडणारा चाकू काढला, खटकन लॉक झाला आणि म्हणाले, "बाबा, तो गावठी चाकू फेका आता, एखाद्या दिवशी बोट जाईल." जावयाला उलटून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. बाबांनी डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची संत्र्याची फांदी, पुढं केली आणि म्हणाले, "घ्या जवाईबुवा, काढून पाहा एक डोया."

आता डोळा काढणं म्हणजे डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा असा उचलायचा की डोळा दुखावला नाही पाहिजे आणि मागं लाकूड आलंच तर पापुद्र्याएवढं. मग खुंटावर जमिनीपासून वीतभर वर टी आकाराची चीर द्यायची, साल हलकेच सोडवायची, डोळा आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा. काप सरळ अन् स्वच्छ नसला की डोळा वाळतो, वर्षभराची मेहनत त्या एका कापावर असते. जावयांच्या चाकूचं पातं पाठीला जाड आणि धारेपर्यंत जाडच, त्यामुळं ते कापत नव्हतं, फाडत होतं. साल चिरडली, मागं लाकडाचा ढपला आला, दुसऱ्यांदा काडीच मोडली. बाबा एवढंच म्हणाले, "पातं लय जाड हाय. तुमच्या चाकूचा दोष नाई, तो या कामाचा नाई." इतकं अदबीनं सांगितलं त्या माणसानं. आणि रात्री जेवताना पंगतीत जावई सगळ्यांना सांगू लागले की लॉक नसलेला चाकू म्हणजे अर्धवट चाकू, गावात अजून कोणाला माहीतच नाही. बहिणीनं मान खाली घातली, बाबा गप जेवले. ज्या चाकूनं काढलेल्या डोळ्यांची झाडं पार मोर्शीपर्यंत उभी आहेत, ज्याच्यावर आमची शिक्षणं झाली, त्याला अर्धवट म्हणायचं. मी तेव्हा मान राखून बोललो नाही, इथं बोलतो.

लॉक काय करते ते नीट समजून घ्या. उघडलेलं पातं ते सोडवल्याशिवाय मिटू देत नाही, एवढंच. तुम्ही साल, फळ, दोरी, काहीही कापता तेव्हा जोर धारेवर येतो आणि पातं उघडायच्याच दिशेला ढकललं जाते, बंद व्हायच्या नाही. बंद कधी होते, तं टोक खुपसलं तर, नाहीतर पाठीवर जोर आला तर, किंवा अडकलेलं पातं उलटं ओढलं तर. म्हणजे चाकू कापायला वापरणाऱ्याला स्प्रिंग पुरते. काहून नाही पुरणार? स्वित्झर्लंडचे ते लाल चाकू, कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू दिले, १८९७ मध्ये ऑफिसरचा चाकू आला, त्याच्यापासून आलेले खिशातले नेहमीचे मॉडेल पाहा, त्यांच्या मुख्य पात्याला लॉक नसतेच. जगभर लोक वापरतात, तिथं कोणी अर्धवट म्हणत नाही.

आणि जमवतात काहून हे विचारता, तर एक चांगला जुना चाकू हातात घ्या आणि हळू उघडा. पात्याचं मूळ स्प्रिंगवरून सरकते, काही चाकूत अर्ध्यावर एक ठहराव येतो, मग शेवटी टक्क असा आवाज होऊन पातं बसते. बंद असताना आणि उघडं असताना, दोन्ही वेळा स्प्रिंगची पाठ बाजूच्या पट्ट्यांशी एकदम सपाट लागली पाहिजे, बोट फिरवलं तर अडकायला नको. हे जमवायला कारागिराला पात्याचं मूळ घासून घासून बसवावं लागते. कानानं आणि बोटानं होणारं काम आहे ते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारागीर स्टॅन शॉ सत्तर वर्षांहून जास्त हेच करत राहिले, २०२१ मध्ये वारले. त्याच शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनं १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढं दर वर्षी त्यात पातं वाढवायचं ठरवलं. आमच्या आबाजींचा चाकू त्याच रॉजर्सचा, पात्यावर चांदणी आणि क्रॉसचा छाप अजून दिसतो, अमरावतीच्या बाजारातून आणलेला. माझं वेड तिथून सुरू झालं.

त्याचं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे, संत्री कापून कापून निळसर काळं पडलेलं. लोक याला घाण समजतात आणि बफिंग (मशीनवर पॉलिश) करून चकचकीत करून आणतात. असं करणाऱ्याच्या हातात जुना चाकू देऊच नये. तो काळपट थर लाल गंजापासून थोडा आधार देतो, शिवाय बफिंगमध्ये छाप पुसट होतो, कडा गोल होतात आणि जमवणाऱ्याच्या लेखी किंमत बरीच खाली जाते. लाल गंज असेल तेवढाच तेल लावून हलक्या हातानं काढा. सांध्यात शिवणयंत्राचं तेल एक थेंब, पावसाळ्यात जरा जास्त लक्ष. चामड्याच्या खोळीत ठेवून विसरू नका, ओल धरते. जुन्या सेल्युलॉइडच्या (पूर्वीच्या जातीच्या प्लास्टिकच्या) मुठीचा चाकू बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, ती मूठ सडायला लागली की तिची वाफ शेजारची पातीपण खाते.

पहिला कोणता, तं साधा स्विस घ्या, ॲल्युमिनियमच्या मुठीचा मिळाला तर उत्तम. स्वस्तात जुन्या ढंगाचा पाहिजे तर फ्रान्सचा डूक-डूक, १९२९ पासून निघतो, दुमडलेल्या पत्र्याची मूठ, कार्बन पातं, नखरा नाही. अमेरिकेच्या 'केस' (Case) नावाच्या कंपनीचे सुंदर असतात पण आपल्याकडे येईपर्यंत महाग पडतात. फ्रान्सचाच ओपिनेल चाकू म्हणून छानच आहे, पण त्यात स्प्रिंगच नाही आणि मोठ्या नंबरांना १९५५ पासून पातं अडकवणारी फिरती रिंग लावतात, म्हणून तो या जातीत धरू नका. रामपुरीपण नाही, त्याला खटका असतो. ऑनलाइन स्वस्तात 'दमास्कस' (लहरदार नक्षीचं पोलाद) म्हणून विकतात ते घेऊच नका. जुना घेताना पातं घासून बारीक झालेलं नाही ना, उघडल्यावर डावीउजवीकडे हलत नाही ना आणि स्प्रिंगला चीर नाही ना, एवढं पाहा. आणि मला विचाराल तर खरं म्हणजे एक चांगला कलमाचा चाकू घ्या आणि त्यानं काहीतरी काम करा, नुसता डब्यात ठेवून त्याची गंमत कळत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. सांबरशिंगाच्या मुठीचे चाकू फार देखणे असतात, शेफील्ड आणि जर्मनीला ते शिंग भारतातूनच जायचं, पण आज आपल्याकडे त्याचा व्यवहार १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकतो. मेळघाटच्या बाजूला कोणी "घरातलं जुनं आहे" म्हणून दाखवलं तरी हात लावू नका. दुसरं, शस्त्र कायद्याच्या यादीत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, शेतीचे अन् घरगुती सोडून, आपले खिशातले त्याच्या फार खाली. पण सणासुदीला किंवा निवडणुकीत जमावबंदीचा आदेश असला की मोर्चा-मिरवणुकीत खिशात चाकू नको, आणि विमानात हातातल्या बॅगेत तर नाहीच.

हो, आणि ज्याला लाकूड कोरायचं आहे, भोकं पाडायची आहेत, टोक खुपसायचंच काम आहे, त्यानं लॉकवाला किंवा सरळ न मिटणारा चाकू घ्यावा, त्याला माझी ना नाही. माझं भांडण फक्त 'अर्धवट' या शब्दाशी आहे. भाचा आता आठ वर्षांचा झाला, सुट्टीत नर्सरीत बाबांच्या मागं मागं फिरतो आणि चाकू मागतो. त्याला मी गोल टोकाचा, लॉक नसलेलाच देणार आहे, बसूनच उघडायचा आणि बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत आणायची नाहीत, एवढं शिकवून. जावयांनी हे वाचलं तरी चालेल.