छताचे जुने दाणेदार टेक्स्चर काढण्यासाठी ठेकेदाराकडून खरा अंदाज कसा मिळवावा?

रत्नागिरीतील घराच्या छतावरचे दाणेदार टेक्स्चर काढून छत सपाट करण्यासाठी तीन ठेकेदारांनी तीन भाव सांगितले, त्यांतला सर्वांत महाग भाव स्वस्ताच्या दुपटीहून अधिक आहे, तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिघेही प्रामाणिक असू शकतात. एकाने नुसते खरवडणे धरले असेल, दुसऱ्याने त्यावर पुट्टी आणि रंग, तर तिसऱ्याने गिलावाही सुटून येणार हे गृहीत धरले असेल.

वेंगुर्ल्यात आमच्या घरी मी हे काम उक्त्या भावाने दिले होते. दुसऱ्याच दिवशी टेक्स्चरबरोबर गिलाव्याचे ताटाएवढे पोपडे खाली आले आणि आत स्लॅबच्या सळया तांबूस पापुद्रे धरून फुगलेल्या दिसल्या. ‘हे माझ्या भावात नव्हते,’ असे ठेकेदार म्हणाला आणि ते खरेच होते, कारण छत उघडून पाहण्याआधीच मी त्याला आकडा विचारला होता.

म्हणून भाव मागण्यापूर्वी प्रत्येक खोलीत एक फूट लांब, एक फूट रुंद एवढा तुकडा उघडून पाहावा, आणि गच्चीची किंवा न्हाणीघराची ओल जिथे उतरते तो कोपरा अवश्य घ्यावा. पंपाने पाणी फवारून पंधरा मिनिटे थांबावे आणि मग लोखंडी पट्टीने खरवडावे. टेक्स्चर चिखलासारखे निघाले, तर काम हलके आहे. पाणी आत न मुरता वरूनच ओघळले, तर वर ऑइल पेंट किंवा इमल्शन बसलेले आहे आणि मजुरी बरीच वाढेल. त्यानंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळे छत ठोकून पाहावे आणि जिथे बद्द आवाज येईल, म्हणजे गिलावा आतून सुटला असेल, तिथे खडूने खूण करावी. खाऱ्या हवेतील क्षार सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि गिलाव्याला खाली ढकलतो. त्यामुळे बद्द गिलावा काढणे, सळया घासून गंजरोधक लावणे आणि नवा गिलावा करणे यांचा चौरस फुटाचा दर वेगळा लिहून घ्यावा आणि प्रत्यक्ष काम दोघांनी मिळून मोजावे. सळई गंजून स्पष्टपणे बारीक झालेली दिसली, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

मोजमापही ठरवून घ्यावे. बारा बाय चौदाची खोली म्हणजे 168 चौरस फूट. पण तिच्यात बारा फूट लांबीचा, सव्वा फूट खाली उतरलेला बीम असेल, तर त्याच्या दोन बाजूंचे 30 चौरस फूट वाढतात. दर ब्रासवर सांगितला असेल, तर एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट हे धरून तुलना करावी. परांची, सामान झाकणे, राडारोडा उचलणे, माल कोणाचा, भावात 18 टक्के जीएसटी आहे की नाही, हे सारे त्याच कागदावर यावे आणि तोच कागद तिघांनाही द्यावा.

अमेरिकेतील अशा छतांबाबत ॲसबेस्टॉसची, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाची, भीती आपण वाचली असेल. तिथे ते मिसळलेले सजावटीचे फवारे मारण्यास 1978 मध्ये बंदी आली. आपल्याकडे ॲसबेस्टॉस मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत आढळते. छताखाली तसे पत्रे ठोकलेले असतील, तर ते फोडू देऊ नयेत. मात्र गिलाव्याची कोरडी धूळही फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाणी मारूनच खरवडण्याची अट लिहावी.

आपण गणपतीपूर्वी काम संपवण्याच्या घाईत असाल, तर माझा आग्रह आहे की थांबावे. पावसात पुट्टी नीट वाळत नाही आणि त्या दिवसांत कारागीरही मिळत नाहीत. उलट ओल कुठे उतरते हे पावसातच दिसते, म्हणून पाहणी आताच करून घ्यावी, गळती आधी बंद करावी आणि काम दिवाळीनंतर सुरू करावे.