गाडी बाबांच्या नावावर, किल्ली माझ्याकडे

प्रश्न : वडिलांनी नोव्हेंबर २००८ मध्ये मारुती ८०० घेतली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते वारले. गाडीची नोंदणी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. विमा मी दरवर्षी ऑनलाइन भरतो, तोही बाबांच्याच नावाने. गाडीचा पत्रा खालून सडला आहे आणि ड्रायव्हरच्या पायाशी पडलेल्या भोकावर मी रबरी मॅट टाकली आहे. इंजिन मात्र ठणठणीत असून आईला दवाखान्यात आणि अन्नपूर्णा मंदिरात नेण्यासाठी गाडी लागतेच. पंधरा वर्षांनंतर गाडी चालवणे गुन्हा आहे, असे सोसायटीत काहीजण सांगतात. ओळखीचा मेकॅनिक पस्तीस हजार द्यायला तयार आहे; ‘फॉर्म पे बाबूजी की साइन आप ही मार दो, बाकी मैं देख लूँगा,’ असे त्याचे म्हणणे. एकुलती बहीण वडोदऱ्याला दिली आहे. मी काय करावे?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रात गाडीच्या वयाची काळजी सर्वांत जास्त दिसते, पण कायद्याच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत किरकोळ आहे. खाजगी मोटारीने पंधरा वर्षे पूर्ण केली म्हणून ती रस्त्यावरून बाद होते, असा नियम मध्य प्रदेशात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. सोसायटीतल्या चर्चेचे मूळ दिल्लीत आहे. तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांचा प्रश्न उभा राहिला, त्यावर पुढेही आदेश होत गेले. पण ते सारे दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहे आणि इंदूर त्या क्षेत्रात येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी वाढवून मिळणे बंद झाले तेही सरकारी वाहनांपुरते. या दोन बातम्यांची सरमिसळ होऊन खाजगी गाडीवाल्यांना उगाच घाबरवले जाते.

खरी अडचण नावाची आणि मुदतीची आहे, आणि ती आपण समजता त्याहून गंभीर आहे. नोंदणीची मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत गाडी कायद्याने नोंदणीकृत धरली जात नाही आणि सार्वजनिक जागी वापरता येत नाही, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५२ सांगतो. म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून आईला मंदिरात नेताना आपण, कायद्याच्या भाषेत, विनानोंदणी वाहन चालवीत आहात. कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा दंड सोसण्यासारखा आहे, असे आपण म्हणाल, आणि नुसत्या दंडाचा प्रश्न असता तर मीही फारसे ताणून धरले नसते. माझी भीती अपघाताची आहे.

विमाधारकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालू राहते आणि त्या काळात वारसांनी ती आपल्या नावे करून घ्यावी किंवा नवी घ्यावी, अशी तरतूद पॉलिसीतच छापलेली असते. आपण त्यापुढे दरवर्षी जे नूतनीकरण केले ते एका दिवंगत माणसाच्या नावाने केलेला करार आहे. हप्ता पोचला, पावती आली, म्हणून संरक्षण मिळाले असे होत नाही. त्यातच नोंदणीची मुदत संपलेली. वैध नोंदणी नसलेल्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा दावा नाकारण्याचा विमा कंपनीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘नरिंदर सिंग’ आणि २०२१ मध्ये ‘सुशील कुमार गोदारा’ या प्रकरणांत मान्य केला आहे. ती दोन्ही प्रकरणे तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्याची होती, पण आपल्याविरुद्ध कंपनीचे वकील पहिल्याच तारखेला तेच निकाल पुढे ठेवतील.

समजा, दवाखान्यातून परतताना एखादा पादचारी गाडीखाली सापडला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याचे घरचे लोक तीन पक्षांना ओढतील : गाडी चालवणारे आपण, मालकाचे वारस म्हणून आपली आई व बहीण, आणि विमा कंपनी. कंपनी वरील दोन्ही मुद्दे घेईल. न्यायाधिकरण फार तर असे म्हणेल की जखमीला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते आपल्याकडून वसूल करावेत. वारसांची जबाबदारी वडिलांच्या मिळकतीतून त्यांना जे मिळाले तेवढ्यापुरती असते, पण चालक म्हणून आपली जबाबदारी वैयक्तिक आहे आणि तिला अशी मर्यादा नाही. आपण स्वतः जखमी झालात तर मालक-चालकासाठी असलेले १५ लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षणही आपल्याला लागू होणार नाही, कारण कागदावरचे मालक आपण नाही.

आता त्या मॅटविषयी. ज्या दोषामुळे धोका संभवतो तो ठाऊक असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता अशा स्थितीत, गाडी चालवणे कलम १९०(१) खाली गुन्हा आहे. त्या दोषामुळे कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. मॅट टाकली, म्हणजे भोक दिसले होते, एवढे पोलिसांना पुरते. शिवाय मारुती ८०० ला जीप किंवा ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो. खालचा पत्रा हाच तिच्या बांध्याचा भाग असतो. म्हणून पुढचा कोणताही कागद करण्याआधी गाडी एखाद्या चांगल्या वेल्डरकडून वर उचलून पाहून घ्यावी. गंज पायाशीच असेल तर नवा पत्रा जोडून काम भागेल, त्याचे बिल मात्र जपून ठेवावे. दाराखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे बसते ते भाग पोखरले असतील, तर पुढचा नूतनीकरणाचा परिच्छेद वाचण्याची आपल्याला गरज नाही. सरळ भंगाराच्या परिच्छेदाकडे जावे.

गाडी सुधारण्याजोगी असेल तर पहिले काम नाव बदलण्याचे. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून हस्तांतराचा अर्ज करावा, असे नियम ५६ सांगतो. ती मुदत केव्हाच उलटली. परंतु उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, विलंबाची रक्कम भरावी लागते इतकेच. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आई, आपण आणि बहीण तिघांचाही गाडीत सारखा वाटा आहे. ‘गाडी मुलाचीच’ ही घरातली समजूत परिवहन कार्यालयाला पुरत नाही, म्हणून गाडी आपल्या नावावर करण्यास हरकत नसल्याची आईची आणि बहिणीची शपथपत्रे लागतील. बहिणीने त्यासाठी इंदूरला येण्याची गरज नाही. वडोदऱ्यातील नोटरीसमोर सही करून, ओळखपत्राच्या प्रतीसह तिने ते पाठवावे. शपथपत्रात गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून अक्षरशः तसाच लिहावा. एका आकड्याच्या चुकीसाठी महिना वाया गेल्याची प्रकरणे माझ्या पाहण्यात आहेत. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि विमा. गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद प्रमाणपत्रावर आहे का, तेही पाहून घ्यावे. कर्ज फिटले तरी ही नोंद बऱ्याच वेळा तशीच राहून जाते. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी न्यायालयात जाण्याची, वारसांत वाद नसताना, सहसा गरज पडत नाही.

हस्तांतरासोबतच फॉर्म २५ वर नूतनीकरणाचा अर्ज करावा. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून ठरवलेले शुल्क ५००० रुपये आहे आणि विलंबासाठी दर महिन्याला ५०० रुपये वेगळे, म्हणजे आपण जितके वर्ष घालवाल तितके सहा-सहा हजार वाढत जातील. वीस वर्षांवरील मोटारींसाठी हेच शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. आपल्या गाडीला वीस वर्षे नोव्हेंबर २०२८ मध्ये होतील, हे लक्षात असू द्यावे. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नसेल तर ती आधी बसवून घ्यावी.

नायता मुंडला येथील कार्यालयात तपासणीला गाडी न्यावी लागेल. मुदत संपलेली गाडी स्वतः चालवत नेण्यापेक्षा क्रेनवर नेणे हाच निर्दोष मार्ग आहे. खर्च दोन पैसे जास्त होईल, पण वाटेत काही घडले तर ‘तपासणीलाच चाललो होतो’ हा बचाव फार दूर नेत नाही. तपासणीत निरीक्षक ब्रेक, दिवे, टायर बघतातच, पण जुन्या गाड्या अडतात त्या चेसिस क्रमांकावर. बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेल्या त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटली पाहिजे. गंजाने आकडे बुजले असतील तर रॉकेल आणि मऊ कापड घेऊन हलक्या हाताने साफ करावे. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नये, कारण घासलेला क्रमांक चोरीच्या गाडीचा संशय निर्माण करतो आणि मग पोलीस चौकशीला तोंड द्यावे लागते. वेल्डरलाही हे आधीच बजावून ठेवावे.

मेकॅनिकचा प्रस्ताव मात्र एका शब्दात नाकारावा. गाडी विकताना हस्तांतरासाठी भराव्या लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर वडिलांची सही आपण करणे म्हणजे मृत व्यक्तीच्या नावाने बनावट दस्तऐवज तयार करणे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत, आणि फसवणुकीच्या हेतूने केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. सहीखालची तारीख मृत्यूनंतरची असेल तर पुरावा शोधायलाही कोणाला कष्ट पडणार नाहीत. ‘बाकी मैं देख लूँगा’ म्हणणारा त्या वेळी साक्षीदार होईल, आरोपी आपणच असाल. आणि सही पचली तरी गाडी सुटत नाही. नोंदणीत ज्याचे नाव तो मालक, ही मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २(३०) मधील व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात फार कडकपणे लावली. त्या प्रकरणात मूळ मालकाने २००७ मध्येच गाडी विकली होती, पुढे ती अनेक हातांत फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरी नोंदणी त्याच्याच नावावर राहिल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवण्यात आली. विक्रीची चिठ्ठी, स्टॅम्प पेपर, गाडी सोपवल्याचा फोटो, यांपैकी काहीही जखमी माणसाच्या दाव्यापुढे उभे राहत नाही. त्याच मेकॅनिकला गाडी द्यायची असेल तर अवश्य द्यावी, पण आधी ती आपल्या नावावर येऊ द्यावी, मग त्याच्या नावावर जाऊ द्यावी, आणि नोंदीत त्याचे नाव दिसल्यावरच किल्ली हातात ठेवावी. त्याला एवढा धीर नसेल तर त्याचा अर्थ आपण समजून घ्यावा.

वेल्डरने नकारार्थी मान हलवली तर गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी. ही केंद्रे २०२१ च्या नियमांखाली चालतात. वारसाची कागदपत्रे तेथेही लागतात, पण गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि ते दाखवून नवी खाजगी गाडी घेताना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. रस्त्यावरचा भंगारवाला दोन-चार हजार जास्त देईलही. पण आपली क्रमांकपट्टी आणि चेसिसचा तुकडा दुसऱ्या कोणत्या गाडीवर चढतो हे तो सांगणार नाही. गाडी मोडल्यावर चौदा दिवसांत मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्यासाठी कळवावे आणि रद्द झाल्याचा कागद घरी ठेवावा.

पस्तीस हजारांच्या गाडीवर शुल्क, विलंब रक्कम, पत्र्याचे काम आणि क्रेन मिळून इतका खर्च करणे शहाणपणाचे आहे का, हे मला विचाराल तर वेल्डरचा शब्द चांगला असेल तरच करावा, असे मी म्हणेन. आठवड्यातून दोनदा आईला नेण्यासाठी रिक्षा स्वस्त पडते, हा हिशेबही एकदा मांडून पाहावा. गाडी ठेवायचीच ठरली तर नवे प्रमाणपत्र करताना त्यात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालता येते, ते अवश्य घालावे, म्हणजे ही सारी धावपळ पुढच्या पिढीला करावी लागणार नाही.

दोन्हींपैकी एक निर्णय होऊन पूर्ण होईपर्यंत गाडी सोसायटीच्या रस्त्यावर उभी न करता फाटकाच्या आत घ्यावी, बॅटरीची तार काढून ठेवावी आणि कोणालाही, मेकॅनिकलासुद्धा, ‘चालवून बघण्यासाठी’ देऊ नये. विमा कंपनीला वडिलांच्या मृत्यूची तारीख कळवणारे पत्र मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रतीसह याच आठवड्यात पाठवावे आणि त्याची पोच घ्यावी. जुनी पॉलिसी रद्द होईल म्हणून आपण हे टाळत आला असाल, पण जी आपल्याला वाचवणार नाही ती रद्द झाल्याने काही गमावत नाही. नवी पॉलिसी हस्तांतराच्या अर्जाची पोच दाखवून आपल्या नावाने मागावी, आणि प्रस्ताव अर्जात नोंदणीची स्थिती जशी आहे तशीच लिहावी.