सॉरी कोणीच म्हणालं नाही

"मॅडम, कार्टून बंद करू का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो. कार्टून दर वेळी वेगळं, प्रश्न तोच. मुलगा गप्प झाला, मुलगी उलट बोलायला लागली, रात्री लाइट लावून झोपायला लागली, की घरच्यांचं बोट सगळ्यात आधी पडद्याकडे जातं. कधी ते बरोबरही असतं. पण पुष्कळदा मूल त्या पडद्यावर बोट ठेवून आपल्यालाच काहीतरी दाखवत असतं. अशाच एका घरची हकीकत सांगते. मुलाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मल्हार आठ वर्षांचा. आई म्हणाली, "महिनाभर एकच कार्टून लावतोय. कसलं तरी नाताळचं, जुनंपुराणं. त्यातला पोरगा सदा तोंड पाडून बसलेला. आता हाही तसाच बसतो. काही बिनसलं की म्हणतो, मी ब्लॉकहेड आहे, म्हणजे मठ्ठ. हे त्या कार्टूनमुळेच झालंय ना?"

कार्टून होतं 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस'. मुलाला भेटण्याआधी मी ते घरी दोनदा पाहिलं. हा माझा नेम आहे. मूल जे बघतं ते न बघता त्यावर बोलायचं नाही.

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 9 डिसेंबर 1965 ला हे पहिल्यांदा लागलं. अर्ध्या तासाचा विशेष कार्यक्रम, चार्ल्स शुल्झ यांच्या चित्रपट्टीतल्या मुलांवर बेतलेला. वाहिनीच्या साहेबांना तो आवडला नव्हता. फार संथ वाटला होता. लागला तेव्हा मात्र त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला, आणि पुढे एमी आणि पीबडी हे दोन्ही नावाजलेले पुरस्कार त्याला मिळाले. मला त्याचा तो संथपणाच आवडला. मागून सोडलेलं खोटं हसू नाही. पियानोवर निवांत जॅझ. मुलांचे आवाज बहुतेक खऱ्या मुलांनीच दिलेले. नायक चार्ली ब्राउनच्या धाकट्या बहिणीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याकडून वाक्यं तुकड्या-तुकड्याने वदवून घेतली होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, नायक सुरुवातीलाच सांगून टाकतो की सण आलाय पण मला आनंद होत नाहीये. मुलांच्या कार्यक्रमात हे इतकं सरळ कोण बोलतं?

उणिवाही आहेत. काम सहा-एक महिन्यांत उरकलेलं, ते चित्रांच्या हलण्यात दिसतं. त्यातली मुलं नाताळचं नाटक बसवतात, त्या तालमीचा भाग रेंगाळतो. बायबलमधला उतारा येतो तेव्हा तो ज्याच्या कानावरून कधी गेलेला नाही अशा मुलाला काही उमगत नाही. एवढ्या उणिवा मी काढल्या आणि स्वतःवर खूश झाले. खरी उणीव पुढे मल्हारने काढली.

त्यात ल्युसी नावाची एक आगाऊ मुलगी आहे. ती मनोविकारतज्ज्ञाचा ठेला मांडून बसते, पाच सेंट घेते, आणि समोरचा धड बोलायच्या आत त्याला भीतींची लांबलचक नावं ऐकवते. यातली कुठली तुझी, बोल! मी खूप हसले. आणि पहिल्या भेटीत नेमकं तेच केलं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वळणाने काम करते. माणसाची कृती चुकू शकते, पण त्यावरून अख्ख्या माणसाला शिक्का मारू नये, हा माझा आवडता मुद्दा. 'ब्लॉकहेड' हा तर आयता शिक्का हातात आलेला. "गणित चुकलं म्हणजे तू चुकीचा झालास का रे?" मी विचारलं. "नाही," मल्हार म्हणाला. "मग एक गोष्ट विसरलास म्हणून ब्लॉकहेड?" "नाही." मान अगदी शहाण्यासारखी हलत होती. मुलांच्या अशा होकार-नकारांवर विश्वास ठेवू नये, हे वीस वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं. मोठ्यांना काय ऐकायचंय ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. दुसरी भेटही तशीच गेली.

तिसऱ्या वेळी मी मुद्दा बाजूला ठेवला आणि टॅब त्याच्या हातात दिला. "तुला जे दाखवायचंय ते दाखव."

त्याने सराईत बोटाने मधलाच भाग काढला. चार्ली ब्राउन नाटकासाठी एक किडकिडीत, पानं गळणारं झाड घेऊन येतो आणि सगळे त्याला हसतात. मल्हारने तिथे थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं. पडद्याला बोट लावून मोजायला लागला. "ही हसते. ही हसते. कुत्रा पण हसतो. हा नाही हसत." तो न हसणारा म्हणजे पांघरूण घेऊन फिरणारा लायनस.

"पण शेवटी सगळे चांगले वागतात की," मी म्हटलं. "झाड किती छान सजवतात."

"हो. पण सॉरी कोणीच म्हणालं नाही."

मी शेवट पुन्हा लावला. पोरगं खरं बोलत होतं. झाड सजतं, गाणं होतं, शुभेच्छा होतात. आणि ल्युसी चार्लीला शेवटपर्यंत ब्लॉकहेडच म्हणते, झाड मात्र बरं आणलंय असं वर कबूल करते. मी दोनदा पाहून मला ते खटकलं नव्हतं. मोठ्या माणसांना गाणं सुरू झालं की प्रकरण मिटलं असं वाटतं.

"तुला कोणी सॉरी म्हणायचं राहिलंय का?"

तो टॅबच्या कडेवरून नख फिरवत राहिला. मी गप्प बसले. माझ्या कामातला अर्धा कस या गप्प बसण्यात लागतो. मग म्हणाला, "व्हिडिओ."

घरच्या एका समारंभात तो कविता म्हणायला उभा राहिला होता. तिसऱ्या ओळीवर अडकला. "परत पहिल्यापासून" म्हणाला, परत तिथेच अडकला. चौथ्या वेळी छताकडे बघत उभा राहिला. काकाने ते फोनवर टिपलं, घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी नवी सायकल आणून दिली. आणि पुढे जो पाहुणा येईल त्याला बाबाच म्हणत, "थांबा, आमच्या कविराजांचा व्हिडिओ दाखवतो."

"तेव्हा कोण नाही हसलं?" मी विचारलं.

"आजी."

आईची तक्रार होती की मुलगा तेच तेच बघतो. घरातले काय बघत होते?

आता त्या नेहमीच्या प्रश्नाबद्दल. बंद करायच्या आधी एकदा मुलाशेजारी बसून पूर्ण बघा, हातात फोन न घेता. तो कुठे थांबतो, कुठला भाग मागे नेतो, कुठे उठून पाणी प्यायला जातो, तिकडे लक्ष ठेवा. "यातून काय शिकलास?" हे विचारू नका, पाठ केलेलं उत्तर मिळेल. मुलांना तात्पर्य आपल्यासारखं दिसतच नाही. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची गोष्ट दाखवली होती. जो वेगळा दिसतो त्याला आपलंसं करावं, असा तिचा रोख. बहुतेक मुलांनी धडा घेतला तो कुत्र्यांपुरताच. वीस मिनिटं चिडवाचिडवी आणि दोन मिनिटं गोडीगुलाबी, असा बऱ्याच 'चांगल्या' कार्यक्रमांचा साचा असतो, आणि लहान मूल त्या वीस मिनिटांत राहतं. म्हणून मध्येच थांबवून "याला आत्ता कसं वाटत असेल?" एवढंच विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

तेच कार्टून पुन्हा पुन्हा बघण्यात वावगं काही नाही. लहान मुलं तशीच गोष्ट पचवतात. पण झोप उडाली, जेवण सुटलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखायला लागलं आणि दोन आठवडे हेच चाललं, तर कार्टूनवर वाद घालत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा.

मल्हारच्या बाबांना मी एकट्यांना बोलावलं. "अहो, गंमत होती ती," ते म्हणाले. मी त्यांना कार्टूनमधला तेवढा तुकडा दाखवला आणि एवढंच सांगितलं की तुमचा मुलगा यात हसणारे मोजतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मला कितव्या नंबरवर मोजलं त्याने?"

पुढच्या भेटीत बापलेक शेजारी बसले होते. बाबांनी फोन काढला, मल्हारला दिसेल असा धरला, व्हिडिओ उडवला. आणि म्हणाले, "मी हसलो ते चुकलं माझं. लोकांना दाखवत राहिलो ते तर फारच चुकलं. सॉरी."

मल्हारने फोन हातात घेऊन खात्री करून घेतली. मग परत देत म्हणाला, "काकाच्या फोनमध्ये पण आहे."