शब्द ओळखायच्या खेळात तेच अक्षर दोनदा आलं की प्रोग्रॅम अडकतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पायथन शिकताय, गुपित शब्द म्हणून ‘मुंबई’ इंग्रजी स्पेलिंगमध्ये ठेवला, एम दाबला तर पहिला एम उघडला आणि दुसऱ्या एमच्या जागी रेघ तशीच राहिली. आणि मित्र म्हणतोय, अक्षर परत येणार नाही असेच शब्द घे. त्या मित्राचं अजिबात ऐकू नका.

हाच सल्ला मला एका सरांनी दिला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी तेव्हा मशीद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघायचो. संध्याकाळी सुटलो की दादरला क्लास, मग रात्री धीम्या लोकलने भांडुपला घरी. प्रोजेक्ट म्हणून स्टेशन ओळखायचा खेळ लिहिला होता. मस्जिद ते ठाणे, धीम्या गाडीची १८ स्टेशनं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. दाखवायच्या दिवशी सगळी बॅच मागे उभी आणि पहिलाच शब्द निघाला दादर. सरांनी डी दाबला, पहिला डी उघडला. परत डी दाबला तर ‘हे अक्षर झालंय’ असा मेसेज. ए या अक्षराचंही तेच. मग आर आला. पाचातल्या तीन जागा उघड्या, दोन रेघा शिल्लक आणि त्या भरायला अक्षरच उरलं नाही. तो डाव कुणालाच जिंकता आला नसता.

सर म्हणाले, “अक्षर रिपीट होणारी स्टेशनं लिस्टमधून काढ. बिगिनरला एवढं पुरे.”

मी म्हटलं, “सर, दादर काढू? आत्ता आपण सगळे जिथे उतरून इथे आलो ते?”

“प्रोग्रॅम चालला पाहिजे. स्टेशनाचं काय घेऊन बसलास?”

रात्री गाडीत बसायला मिळालं तशी वही काढली आणि त्यांचा नियम यादीला लावून बघितला. मस्जिद, परळ, शीव, कुर्ला, भांडुप, नाहूर, ठाणे. उरली ७. भायखळा, चिंचपोकळी, माटुंगा, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड धरून ११ गेली. मुंबईची लोकल आणि त्यात दादर नाही, घाटकोपर नाही! असा खेळ मी घरच्यांना कुठल्या तोंडाने दाखवणार होतो?

चूक त्याच वहीत सापडली. दादरच्या पाच अक्षरांखाली शून्य ते चार आकडे लिहिले (पायथन जागा शून्यापासून मोजतो) आणि प्रोग्रॅम जे करतो ते पेन्सिलने एकेक करत गेलो. मी जागा शोधायला इंडेक्स वापरलं होतं. ते पहिली जागा सांगतं आणि थांबतं. फाइंडही तसंच. त्यांचं कामच तेवढं आहे, त्यामुळे डीची जागा शंभरदा विचारली तरी शून्यच सांगणार. तुमच्याकडेही हेच होत असणार. जागा एकदाच विचारू नका, एन्युमरेट (जागेचा आकडा आणि तिथलं अक्षर जोडीने देतं ते) लावून शब्दाच्या प्रत्येक जागेवरून फिरा आणि अक्षर जुळेल तिथली रेघ बदला. हा लूप, म्हणजे ही फेरी, शेवटपर्यंत जाऊ द्या, पहिली जागा जुळली म्हणून ब्रेक टाकून मध्येच थांबवू नका.

एवढं केल्यावरही माझा खेळ जिंकला जात नव्हता, कारण मी बरोबर अंदाज मोजून ते शब्दाच्या लांबीशी ताडत होतो. दादरला जागा पाच, पण वेगळी अक्षरं तीनच. तीन अंदाजांत शब्द पुरा उघडतो आणि प्रोग्रॅम आणखी दोनची वाट बघत बसतो. अंदाज मोजूच नका. एकही रेघ उरली नाही की जिंकला, एवढंच तपासा.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला खेळ घेऊन गेलो. सर म्हणाले, मार्क वर पाठवून झाले. बघितलंसुद्धा नाही. मार्कांचं दुःख मी केव्हाच सोडलं, पण न बघण्याचं नाही. तेच अक्षर परत येणं हा त्या खेळातला शिकण्यासारखा एकमेव भाग होता आणि नेमका तोच त्यांनी यादीतून काढायला सांगितला. प्रोग्रॅमला जमत नाही म्हणून शब्द बदलायला शिकवणारा माणूस उद्या गिऱ्हाइकाला नाव बदलायला सांगणारी माणसं तयार करतो. नाव रकान्यात मावत नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवलेली माणसं मी बघितली आहेत.

तुम्ही शेवटी रंगांचंही विचारलंय. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेल्या वर्डलसारखं, म्हणजे अंदाजाच्या प्रत्येक अक्षराला हिरवा, पिवळा किंवा करडा रंग देणाऱ्या शब्दखेळासारखं करायचं असेल तर नुसतं ‘अक्षर शब्दात आहे का’ विचारून भागत नाही. गुपित परळ आणि अंदाज दादर धरा, दोन्ही इंग्रजीत: पी-ए-आर-ई-एल आणि डी-ए-डी-ए-आर. पहिला ए जागेवर आहे, तो हिरवा. दुसरा ए करडाच हवा, कारण परळमध्ये ए एकच आणि तो वापरून झाला. आर आहे पण दुसऱ्या जागी, म्हणून पिवळा. दोन्ही डी करडे. त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. आधी गुपित शब्दातलं प्रत्येक अक्षर किती वेळा आहे ते मोजून ठेवा. पहिल्या फेरीत फक्त हिरवे ठरवा आणि त्या अक्षराचा साठा एकाने कमी करा. दुसऱ्या फेरीत डावीकडून जात, साठा उरला असेल तरच पिवळा द्या आणि परत एक कमी करा. एकाच फेरीत दोन्ही करायला गेलात तर पुढे येणाऱ्या हिरव्याचा वाटा आधीचा पिवळा खाऊन टाकतो.

लूप अजून हातात बसला नसेल तर पहिले दोन दिवस कुर्ला घेऊन खेळा, माझी ना नाही. दादर मात्र यादीत राहू द्या. आणि ताडण्याआधी दोन्हीकडची अक्षरं स्मॉल करून घ्या, नाहीतर मोठा डी आणि छोटा डी वेगळे धरले जातील.

देवनागरीत करणार असाल तर वेगळी अडचण आहे. ‘दादर’ची लांबी पायथन चार सांगतो: द, काना, द, र. लूप तसाच लावलात तर द दाबल्यावर ‘दा’मधला द सुद्धा उघडेल आणि काना एकटा लोंबकळत राहील. माझ्या मते दा आणि द ही दोन वेगळी अक्षरंच धरावीत. म्हणजे शब्द आधी दा, द, र असा तोडून लिस्टमध्ये ठेवायचा आणि मग तोच लूप लावायचा. जोडाक्षरांना तोडायचं काम थोडं वाढतं.

आज रात्री इंग्रजी दादर टाकून बघा. डी, ए, आर. तिसऱ्या अंदाजाला खेळ संपला पाहिजे.