एक नको, सहा घे

अनेक आशीर्वाद.

तळघरात मुरवायला घ्यायच्या वाइनची तुझी यादी वाचली. बोर्दोतल्या पोयाकच्या नामांकित शातोची (म्हणजे वाइनच्या मळ्याची) एक बाटली, बर्गंडीच्या ग्राँ क्रूची (सर्वोच्च दर्जाच्या बागेची) एक, आणि दोन्ही घेतल्या तर वर्षभराची शिल्लक संपणार. यातली कोणती घेऊ, असं विचारतेस. दोन्ही नकोत. ज्या वाइनच्या सहा बाटल्या एका वेळी परवडत नाहीत, ती मुरवायला घेऊच नये.

तुझा गोंधळ समजतो मला. तूलूजच्या कुठल्याही चांगल्या दुकानात शिरलं की गुण, पदकं, कुठल्या सालची वाइन कशी याची कोष्टकं आणि वर बोर्दोच्या शातोंची १८५५ ची ती प्रतवारी. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी ती तेव्हाच्या बाजारभावावरून केली. त्यानंतर मोठा बदल एकच झाला, १९७३ मध्ये मूतों ही शातो दुसऱ्या दर्जातून पहिल्यात गेली. कोणाला काय भाव मिळत होता, हे त्या यादीतून कळतं. तुझ्या तळघरातली बाटली कधी उघडायची, हे नाही कळत. ते सांगते त्याच वाइनची आधी उघडलेली बाटली.

एकुलती एक बाटली माणूस उघडायला धजत नाही. अजून दोन वर्षं, अजून दोन वर्षं करत राहतो. आणि उघडतो तेव्हा घाई झाली की उशीर, हे कळायला काही मार्गच नसतो. सहा असल्या तर पहिली लगेच उघड. तुरटपणा जिभेवर जितका वेळ टिकतो, तितका वेळ फळाची चवही टिकते का, एवढं बघ. फळ आधी विरलं आणि नुसता तुरटपणा उरला, तर वीस वर्षं ठेवूनही त्यात फळ येणार नाही. दुसरी तीन-चार वर्षांनी. तेव्हा ती मिटून बसलेली असेल, धड वास नाही, धड चव नाही. घाबरू नकोस, चांगल्या लाल वाइन मध्येच अशा गप्प होतात. तिसरीपर्यंत टॅनिनचा, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाचा, गाळ तळाशी धरायला लागेल, ताज्या फळाच्या जागी चामडं, तंबाखू, ओली माती असले वास येतील. मग चौथी कधी, हे तुझं तुलाच कळेल. दरवेळी वहीत लिही. फोनमध्ये नको, वहीत.

पांढऱ्या बर्गंडीचं प्रकरण तुला माहीत असायला हवं. १९९५-९६ च्या सुमाराच्या सालांपासून मोठमोठ्या बागांच्या वाइन वेळेआधीच ऑक्सिडाइझ झालेल्या, म्हणजे प्राणवायूने बिघडलेल्या, निघाल्या, रंग तपकिरी, चव सडक्या सफरचंदासारखी. एकाच खोक्यातली एक बाटली गेलेली आणि शेजारची ठणठणीत. ज्यांच्याकडे एकच होती त्यांना वाटलं, वाइनच वाईट. ज्यांच्याकडे सहा होत्या ते दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीला सावध झाले आणि उरलेल्या वेळेत पिऊन मोकळे झाले. म्हणून म्हणतो, सहा.

आता काय घ्यायचं ते. तू राहतेस त्या तूलूजहून काओर हा वाइनचा प्रदेश सव्वा-दीड तासावर आहे, आणि तू बोर्दोची कोष्टकं पाठ करत बसलीस! काओरच्या वाइनमध्ये किमान सत्तर टक्के मालबेक द्राक्ष असतं. चांगल्या उत्पादकाची, पठारावरच्या चुनखडीच्या जमिनीतली घे. दहा-पंधरा वर्षं आरामात जाते. तुझ्या त्या एका पोयाकच्या पैशांत सहा येतील. दुसरी मादिराँ. तिथलं ताना द्राक्ष इतकं तुरट, की वाइन लवकर मवाळ व्हावी म्हणून पिंपात थेंबाथेंबाने प्राणवायू सोडायची युक्ती तिथेच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. म्हणून उत्पादकाला सरळ विचार, ही लवकर पिण्यासाठी केली आहे की ठेवण्यासाठी? ते खरं सांगतात. तिसरी पांढरी, वूव्रेची दमी-सेक, म्हणजे किंचित गोड. तिथे टॅनिन नाही, शेनँ द्राक्षाची आम्लता आणि थोडी साखर यांच्यावर ती कित्येक दशकं तगते. साल फार बघू नकोस. बोर्दोचं २०१३ टाळ, २०१६ मिळालं तर सोडू नकोस, सध्या एवढं पुरे.

माझ्या तळघरात पहिल्या दर्जाच्या शातोची एकही बाटली नाही. लोक कंजूष म्हणतात, म्हणोत. त्यांच्या बाटल्या पाहुण्यांना दाखवण्यात गेल्या, माझ्या मी प्यायलो, आणि आज वास घेतल्यावर वाइन कुठल्या टप्प्यावर आहे हे मला जे कळतं ते त्यातूनच आलं. खंत आहे ती ऱ्होन खोऱ्यातल्या एका कोर्नासची. निव्वळ सेरा द्राक्षाची, वर्षानुवर्षं काळीकभिन्न आणि अबोल. ती खरी फुलली सहाव्या बाटलीला, आणि मागे एकही उरली नव्हती. तिची आठवण आली की अजून जीव हळहळतो. म्हणजे सहा हा आकडा खालचा आहे, हे ध्यानात ठेव.

तुझ्या इमारतीच्या तळघराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. बारा-तेरा अंश आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा उत्तम; थोडं जास्त चालेल, पण तापमानाचे रोजचे चढउतार नकोत. गरम पाण्याचे पाइप तिथून जातात का? किमान-कमाल दाखवणारा तापमापक आण, पूर्ण ऑगस्ट तिथे ठेव आणि आकडे मला कळव. वीसच्या वर गेलं तर आधी वाइनचं कपाट घ्यावं लागेल, काओर त्यानंतर.

तुझा,
काका